मुसंडरावाचा आवाज

पहिला मुसंडराव कोणालाच आवडला नाही.

उर्वशीने त्याच्यावर सगळा उन्हाळा घातला होता. काळंभोर रानडुक्कर, डोळे लालभडक, नाकातून धूर, सुळे तर असे की पडद्याबाहेर येतील की काय वाटावं. आवाज तिने स्वतःच दिला होता आणि कॉम्प्युटरवर तो घोगरा करून घेतला होता. तिच्या कार्टूनची नायिका होती टिटवी. बांधावर अंडी घालणारी, कोणी जवळ आलं की गाव गोळा होईल एवढी ओरडणारी. मुसंडराव शेतात घुसायचा आणि टिटवी त्याला हाकलायची, एवढीच गोष्ट.

बोरी अरबच्या अंगणवाडीत विमलताईंनी पोरांना भिंतीपाशी ओळीने बसवलं. उर्वशीने लॅपटॉप स्टुलावर ठेवला. टिटवी आली तशी पोरं खिदळली. मग 'हा हा हा' करत मुसंडराव आला, आणि दोन पोरं पाणी प्यायला उठली. एक पोरगी शेजारणीच्या केसांतली पिन काढून बघत बसली.

"भेले नाई वो पोट्टे," विमलताई म्हणाल्या. त्या अंगणवाडी चालवता चालवता म्हाताऱ्या होत आल्या होत्या, उर्वशीलाही त्यांनीच मुळाक्षरं शिकवली होती. "यायनं खरं डुक्कर पाह्यलं हाय ना. खरं डुक्कर असं हासत नाई येत."

उर्वशी घरी आली तेव्हा तिचे वडील डोमाजी अंगणात बाजेवर बसून खर्रा घोटत होते. प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू आणि चुना तळहाताने घासत बसायचं, हा त्यांचा दुपारचा उद्योग. एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात गेली होती. निवृत्त झाले तरी अंगातली गाडी थांबली नव्हती. पाहुणे आले की "पुढं सरका, मागच्याइले जागा द्या" म्हणायचे, आणि पाहुणे खरोखर सरकायचे.

"तोंड काहून पाडलं?" त्यांनी विचारलं.

"पोट्टे भेलेच नाई, बाबा."

"दाखव मले."

त्यांनी चष्मा लावून सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मग खर्ऱ्याची चिमूट गालात सरकवली.

"हा येडा हाय," ते म्हणाले. "लुटनारा मानूस असा वरडत येते का कधी? वरडनाऱ्याच्या मांगं तं कुत्रे लागतात. माह्या गाडीत फुकट बसनारा कधी वरडला नाई. तो पहिले म्हने, जय भीम भाऊ, तब्येतपानी बरं हाय ना? लेकरं कोनत्या वर्गात हायेत? इतका गोड बोले का तिकीट मांगाची मलेच लाज वाटे."

"मंग डुकरानं गोड बोलाव?"

"गोड नाई. त्याले वाटलं पायजे का आपुन बरोबर हाओ." डोमाजी बाजेवरून उठले. "पाय, डुकराचं काय चुकते? पहिले तिथं जंगल होतं, त्याच्या आजाचं. तिथं तुमी नांगर घातला. त्याच्या हिशेबानं तुमीच फुकटे. बिनातिकिटाचे."

आणि त्यांनी उजवा हात वर केला, डोक्यावरून घंटीची दोरी गेलेली असावी तसा, आणि टिटवीकडे बघावं तसं खाली बघून म्हणाले, "बाई, तिकीट दाखवा. नाई? मंग उतरा. नियम सगळ्याइले सारखा."

आवाज चढलेला नव्हता. त्यात रागही नव्हता. उर्वशी मात्र नकळत सरळ उभी राहिली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. त्या आवाजावर हे घर उठत होतं, जेवत होतं, दिवा मालवत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मधल्या खोलीत दोरी बांधून तिच्यावर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या, म्हणजे आवाज घुमू नये. पंखा बंद केला. डोमाजींना त्या गोधड्यांच्या आत स्टुलावर बसवलं. घामाने निथळत ते बोलले, आणि तिने नवा मुसंडराव काढला. लाल डोळे गेले, धूर गेला. आता त्याचे डोळे बारीक होते, नाकावर चष्मा होता, तेल लावून भांग पाडलेला होता आणि खांद्याला चामड्याची पिशवी होती. शेतात शिरण्याआधी तो बांधावर पाय पुसायचा. टिटवीला नमस्कार करायचा, अंडी कशी आहेत म्हणून विचारायचा. मग हरभऱ्याची अख्खी ओळ भुईसपाट करून चष्मा पुसत म्हणायचा, "वाईट वाटून घेऊ नोका बाई. नियम हाय."

अंगणवाडीत या वेळी कोणी पाणी प्यायला उठलं नाही. एका पोरीने विमलताईंच्या पदराचं टोक घट्ट धरलं. आणि दुसऱ्या दिवशी सगळी पोरं मुसंडराव झाली. जो तो दुसऱ्याकडे तिकीट मागत होता. टिटवी व्हायला कोणी तयार नव्हतं.

मग ते कार्टून मोबाइलवरून मोबाइलवर गेलं. फुलसावंगीहून, पांढरकवड्याहून लोक आपापल्या पोरांचे व्हिडिओ पाठवू लागले. कोणी पावडरच्या डब्याची पिशवी केलेली, कोणी आजीचा चष्मा लावलेला. उर्वशी नागपुरात ॲनिमेशन शिकली होती, पुण्याच्या एका स्टुडिओत काही वर्षं दुसऱ्यांच्या चित्रांत रंग भरले होते, लॉकडाऊनमध्ये घरी आली ती राहिलीच. गावात तिची ओळख 'लग्नपत्रिकेचे व्हिडिओ करनारी' अशी होती. आता ती मुसंडरावाची उर्वशी झाली. यवतमाळच्या एका कॉलेजने तिला बोलावलं, विषय दिला: खलनायक कसा घडतो.

"काय सांगू बाबा त्याइले?" जायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं.

डोमाजींनी विचार केला. "सांग का आपुन खराब हाओ हे त्याले मालूम नसलं पायजे. ज्या दिवशी मालूम झालं, त्या दिवशी तो मेला."

तिने कॉलेजात तेच सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वाक्य कोणाचं ते तिने सांगितलं, आणि घरी येऊन टाळ्यांचंही सांगितलं. डोमाजी दोन दिवस खुशीत होते. जो येईल त्याला म्हणत होते, "आपुन कॉलेजात शिकवलं, बसल्या जागी."

हे सगळं चालू असताना त्या घरातलं एक माणूस त्या घरात नव्हतं. उर्वशीचा मोठा भाऊ राजदीप हैदराबादला औषधांच्या कारखान्यात होता. बायको रंजिता, पोरगी संघमित्रा, पाच वर्षांची. तिला सगळे मितू म्हणायचे. राजदीप दर रविवारी फोन करायचा तो आईला, सत्यभामेला. फोन वाजला की डोमाजी चप्पल पायात सरकवून अंगणात जायचे. बोलणं संपलं की आत यायचे. कशाबद्दल काय झालं हे कोणी कोणाला विचारत नसे, कारण सगळ्या गावाला ते पाठ होतं. डोमाजींनीच सांगितलेलं होतं.

राजदीप तेव्हा यवतमाळला कॉलेजात होता. एकदा दुपारच्या गाडीने मित्रांबरोबर घरी निघाला. गाडीवर कंडक्टर डोमाजी. पोराचा पास संपलेला. खिशात पैसे नव्हते, आणि समोर बापच म्हटल्यावर त्याने मित्रांकडे मागितलेही नाहीत, नुसता हसला. मित्रही हसले. मागच्या सीटवर कॉलेजातल्या पोरी होत्या. डोमाजी म्हणाले, "इथं मी तुहा बाप नाई, कंडक्टर हाओ. तिकीट दाखव." आणि त्यांनी दोरी ओढली. गाडी थांबली तिथे ना फाटा होता ना झाड. वैशाखातलं ऊन. राजदीप उतरला. गाडी निघून गेली. तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती.

डोमाजींच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट होती. इमानदारीचा विषय निघाला की ते ती सांगायचे. ऐकणारे म्हणायचे, "वा डोमाजी, पोटच्या पोरालेबी सोडलं नाई!" राजदीप नोकरीला लागला, लग्न झालं, लांब गेला, आणि हळूहळू वडिलांशी बोलायचा थांबला. भांडण असं झालंच नाही. उर्वशीला तर आठवतही नव्हतं की शेवटचं बोलणं कधी झालं.

मितू मात्र आत्याचं कार्टून बघत होती. तिला मुसंडराव फार आवडायचा. हे सत्यभामा फोनवरून ऐकायची आणि नवऱ्याला कळेल अशा आवाजात उर्वशीला सांगायची. डोमाजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण पुढच्या वेळी गोधड्यांत बसले की जास्त वेळ घ्यायचे. "हे परत घे," म्हणायचे. "अजून चांगलं जमन."

एका रविवारी सत्यभामा ज्वारीच्या पिठात हात घालून बसलेली असताना फोन वाजला. उर्वशी दारव्ह्याला गेली होती.

"उचला ना वो!" सत्यभामा आतून ओरडली. "माहे हात भरले हायेत."

डोमाजी चप्पल घालत होते. थांबले. वाजता वाजता बंद होईल म्हणून वाट पाहिली. बंद होईना, तेव्हा त्यांनी उचलला.

"आजी?" पोरीचा आवाज आला.

"थांबजो. आजी येते," डोमाजी म्हणाले.

पलीकडून अगदी हळू, "तुम्ही मुसंडराव आहात?"

डोमाजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. सत्यभामा पिठाचे हात घेऊन दारात आली होती.

"हो," ते म्हणाले. "तिकीट हाय का?"

पोरगी इतकी हसली की ते सत्यभामेलाही ऐकू आलं. तिकीट होतं. तिने हिरव्या स्केचपेनने बनवलं होतं. "कुठं जाचं?" मुसंडरावाने विचारलं. बोरी अरब. "तिथं कोन राह्यते?"

"आजी. आणि आत्या."

"आन् आबाजी?"

"असतील. मला माहीत नाही."

डोमाजींनी आवाज खाली आणून विचारलं, "पप्पा पायतात का मुसंडराव, तुह्यासंगं?"

"नाही बघत," मितू म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "तुम्ही आले ना, की पप्पा उठून बाल्कनीत जातात. मम्मी म्हणते, त्यांना तो आवाज नको वाटतो. तुम्ही संपले की येतात."

तेवढ्यात पलीकडून कोणीतरी फोन घेतला असावा. एक बाई "मितू, कोणाशी बोलतेस?" म्हणाली, आणि फोन बंद झाला.

सत्यभामेने नंतर उर्वशीला सांगितलं, "फोन कटला, तरी कानाले लावूनच उभे होते. मी म्हनलं, काय म्हने पोट्टी? तं म्हनाले, काई नाई, हासत होती."

त्याच आठवड्यात नव्या भागाचं रेकॉर्डिंग होतं. टिटवीचं एक पिल्लू वाट चुकतं आणि मुसंडरावाच्या हाती लागतं, असा प्रसंग. डोमाजी गोधड्यांच्या आत बसले. उर्वशीने बाहेरून खूण केली.

"तिकीट दाखवता का?" डोमाजी म्हणाले.

"बाबा, दाखवता का नाई. 'तिकीट दाखवा.' नेहमीसारखं."

"तिकीट दाखवा, बेटा."

"बेटा नका म्हनू."

परत घेतलं, परत. शब्द बरोबर येत होते, पण त्यांत तो माणूस नव्हता. कोणीतरी आजारी म्हातारा पिल्लाला समजावत होता. शेवटी गोधडी बाजूला सारून डोमाजी बाहेर आले. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता.

"नाई जमत," ते म्हणाले.

"दमले तुमी. उद्या घेऊ."

"उद्याबी नाई जमनार." ते बाजेवर जाऊन बसले. गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, "मुसंडरावाले मालूम झालं, उर्वशी."

उर्वशीला तेव्हा वाटलं, मन शांत झालं की आवाज परत येईल. पण चार दिवसांनी जेवताना तिने पाहिलं की बाबा भाकरी दुधात पार लगदा करून खातायत, आणि तेही एका बाजूने. तोंड दोन बोटांच्या वर उघडत नव्हतं. सत्यभामेने मोबाइलचा उजेड तोंडात पाडला. जिभेखाली पांढरट जखम होती, कडेला लाल.

"कधीपासून हाय हे?"

"दिवाळीपासून असन," डोमाजी म्हणाले. "चुन्यानं पोयलं असन म्हनलं."

दारव्ह्याच्या दातांच्या डॉक्टरने तपासलं आणि जास्त न बोलता नागपूरची चिठ्ठी दिली. नागपूरला तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होता. उर्वशीला बाहेर बोलावून त्याने सांगितलं की जीभ बरीचशी काढावी लागेल. जीव वाचेल अशी आशा आहे. बोलणं किती राहील, ते सांगता येत नाही.

तिने हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून भावाला फोन केला. राजदीपने सगळं ऐकून घेतलं. "ऑपरेशन कधी आहे?" एवढंच विचारलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी तो वॉर्डच्या दारात उभा होता. रंजिता आणि मितू खाली थांबल्या होत्या. लहान पोरांना वर सोडत नव्हते.

तो आला तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. केसांत पांढरे दिसत होते. डोमाजी उशीला टेकून बसले होते. उर्वशी बाहेर जायला निघाली तर सत्यभामेने तिचा हात धरून ठेवला.

"कायनं आला?" डोमाजींनी विचारलं.

"ट्रॅव्हल्सनं. रातच्या."

"जागा भेटली?"

"भेटली."

शेजारच्या पलंगावरच्या माणसाचा रेडिओ चालू होता. डोमाजींनी चादर सारखी केली. तोंड नीट उघडत नसल्यामुळे त्यांचे शब्द दातांमागून येत होते.

"राजू, त्या दिवशी तुहं तिकीट मी काढाले पायजे होतं. माह्या खिशातून."

राजदीप खिडकीकडे बघत राहिला. "तिकिटाचं नव्हतं, बाबा," तो म्हणाला.

"मंग?"

"उतरवलं, चालत आलो. पाय भाजले. मायनं पानी देल्लं. झालं होतं तं तिथंच." आता तो वडिलांकडे वळला. त्याचा आवाज वाढला नव्हता, उलट उतरला होता. "तुमी ते सांगत राह्यले. डेपोत सांगितलं. लग्नाकार्यात सांगितलं. रंजिताच्या घरचे पहिल्यांदा आले तं त्याइलेबी सांगितलं, मी बाजूले बसून असताना. लोकं हासत, तुमीबी हासत. मी नोकरीले लागलो, बाप झालो. पन तुमच्या त्या गोष्टीत मी अजून तसाच उभा हाओ रस्त्यावर, उन्हात. कोनी मले तिथून उचललंच नाई."

डोमाजी शब्द शोधत होते. सापडले ते हे: "लोकाइले आवडे ना ते."

राजदीपने मान हलवली.

"मले वाटे," डोमाजी म्हणाले, "तुलेबी बरं वाटत असन. का बाप इमानदार हाय."

यावर राजदीप काय म्हणाला असता कोण जाणे. नर्स आली. तिला रक्तदाब बघायचा होता, सह्या घ्यायच्या होत्या, रात्री काय खायचं नाही ते सांगायचं होतं. सह्या राजदीपने केल्या. नर्स गेली तशी भेटायची वेळही संपली, आणि तो "येतो" म्हणून खाली गेला.

डोमाजींनी उर्वशीला खुणेने जवळ बोलावलं. "मले खिडकीपाशी ने."

खाली आवारात रंजिता बाकावर बसली होती. मितू पिवळा फ्रॉक घालून एका पायावर उड्या मारत होती, हातात चिप्सचं पाकीट होतं. राजदीप तिच्यापाशी गेला, तिने त्याला एक चिप्स भरवला.

"वरडून आवाज देऊ का तिले?" उर्वशीने विचारलं. "बोलता दोन शब्द?"

डोमाजींनी नाही म्हणून हात हलवला. "कोन म्हनून बोलू?" ते म्हणाले. उर्वशीने ऐकलेलं त्यांचं धड, समजण्यासारखं हे शेवटचं वाक्य. नंतर रात्रभर ते छताकडे बघत पडले होते.

ऑपरेशन झालं. डोमाजी वाचले. नाकातली जेवणाची नळी काही महिन्यांनी निघाली. पण तोंडातून निघायचा तो नुसता आवाज, त्यात शब्द नसत. पाहुण्यांच्या आणि घरातल्यांच्याही ते लक्षात येई, आणि सगळे मोठमोठ्याने बोलायला लागत, जणू ते बहिरे झाले आहेत. उर्वशीने त्यांना पाटी आणून दिली. ते लिहायचे: चहा. पंखा. पाठ. यापलीकडे फारसं नाही. एकदा राजदीप येऊन गेल्यावर तिने मुद्दाम पाटी पुढे केली आणि म्हणाली, दादाले काही लिहाचं असन तं लिहा. ते पेन्सिल धरून बसले, बराच वेळ. मग पाटी तिच्याकडे कोरीच सरकवली.

राजदीप आता येत होता, हे खरं. दोन-तीन महिन्यांतून एकदा. बाजेजवळ खुर्ची टाकून बसायचा, कारखान्यातलं, हैदराबादच्या पावसाचं काहीबाही सांगायचा. डोमाजी ऐकायचे. पूर्वी त्यांनी कधी कोणाचं इतकं ऐकलं नव्हतं. त्याच्या त्या दिवशीच्या बोलण्याला उत्तर मिळालं नव्हतं, आणि ते मिळणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

उन्हाळ्यात तो मितूला घेऊन आला. आधी ती डोमाजींच्या ओढल्या गेलेल्या गालाला घाबरली, आजीच्या मागे लपली. मग डोमाजी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसले. एक एक शेंग फोडून दाणे ताटलीत टाकायचे आणि ताटली तिच्याकडे सरकवायचे. स्वतः खाऊ शकत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्याच बाजेवर बसायला लागली. ती बोलायची, ते मान हलवायचे. "आबाजींना सगळं कळतं," तिने आईला सांगितलं. मुसंडरावाचा विषय तिने त्यांच्यापाशी काढला नाही. तिच्या डोक्यात तो दुसऱ्याच जगातला होता.

मुसंडरावाचं काम तोवर थांबलं होतं. उर्वशीने यवतमाळच्या एका नाटकातल्या माणसाला बोलावून पाहिलं. आवाज भारी होता, पण अंगणवाडीतली पोरं एका वाक्यात म्हणाली, हा खोटा हाय. कोणीतरी सुचवलं की जुन्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटर हुबेहूब तोच आवाज काढून देतो. बाबा पलीकडच्या खोलीत मुके बसलेले असताना त्यांचा आवाज यंत्राकडून बोलवून घ्यायला तिचं मन धजलं नाही. टिटवी एकटीच बांधावर ओरडत राहिली. तिचे दोन भाग केले, कोणी पाहिले नाहीत. उर्वशी परत लग्नपत्रिकांकडे वळली.

हिवाळा लागता लागता डोमाजींच्या मानेत गाठी आल्या. या वेळी डॉक्टरने ऑपरेशनचं नावही काढलं नाही. ते घरीच, सकाळच्या उन्हात, बाजेवर गेले. सत्यभामा त्यांच्या पायाला तेल लावत होती. तिला वाटलं, डोळा लागला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, लोक जेवून गेले. एसटीतली जुनी माणसं आली होती, त्यांच्यातल्या एकाने सवयीने ती गाडीतली गोष्ट काढली, "पोटच्या पोरालेबी..." म्हणाला आणि राजदीपला समोर पाहून गप्प झाला. राजदीपनेच त्याला पाणी दिलं.

दुपारी भाऊ-बहीण अंगणातल्या भाड्याच्या खुर्च्या एकीत एक घालत होते.

"माहा राग गेला नाई, उर्वशी," राजदीप म्हणाला. "मले वाटलं होतं, कधीतरी जोरात भांडीन त्यायच्यासंगं. ते वरडतीन, मी वरडीन. मंग होऊन जाईन सगळं. नागपूरले मी बोललो, पन त्याइले बोलाले एक दिवसबी भेटला नाई." त्याने खुर्ची खाली ठेवली. "मुक्या मानसावर कसा राग धराव? अन् आता तं मानूसच नाई. मंग हे घेऊन मी कुठं जाऊ?"

उर्वशीने त्याने ठेवलेली खुर्ची उचलून दुसरीत घातली. ऑपरेशनच्या आदल्या त्या एका रात्रीत बाबांना काय काय सुचलं असेल, याचा ती अनेकदा विचार करायची. ते तिला कधी कळणार नव्हतं.

मितू अंगणात आली. तिला कंटाळा आला होता. "आत्या, मुसंडराव कधी येणार?"

"आता नाई येनार, बेटा."

"का?"

उर्वशीने राजदीपकडे पाहिलं. तो खाली बसला, पोरीच्या उंचीला आला. "मितू, तो आवाज आबाजींचा होता," तो म्हणाला. "मुसंडराव म्हणजे आपले आबाजी."

मितूने बापाच्या तोंडाकडे बघितलं. तो चेष्टा करतोय का, ते तिला समजेना. मग तिने ठामपणे मान हलवली.

"नाही," ती म्हणाली. "आबाजी तर बोलतच नव्हते."

राजदीपने पुढे काही समजावलं नाही. त्याने तिला जवळ ओढलं आणि तिच्या खांद्यावर कपाळ टेकवून तो रडला, सगळ्या कार्यक्रमात पहिल्यांदाच. मितू आधी गोंधळली. मग मोठी माणसं थोपटतात तशी त्याच्या पाठीवर थोपटू लागली. आतून सत्यभामा सगळ्यांना चहाला बोलावत होती. उर्वशीने उरलेल्या खुर्च्या उचलल्या आणि भिंतीपाशी नेऊन ठेवल्या.